लॉकरमधली परदेशी नाणी: मोडायची, ठेवायची की वाटायची?

वाचकाचं पत्र

"सप्रेम नमस्कार. माझे सासरे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. गेल्या वर्षी ते गेले. मुलुंडच्या बँकेतला त्यांचा लॉकर उघडला, तेव्हा सासूबाईंच्या दागिन्यांखाली निळ्या मखमली डबीत सोन्याची चार नाणी निघाली. एकावर बार्बाडोस, १०० डॉलर, १९७५ आणि जहाजाचं चित्र. दुसरं पनामाचं, १०० बाल्बोआ, तेही १९७५ चं. तिसरं रशियाचं, १०० रूबल, मॉस्को ऑलिंपिकचं. चौथं कॅनडाचं, १०० डॉलर, १९७६, पुन्हा ऑलिंपिकच. आमच्या नेहमीच्या सराफांनी चारही एकदम काट्यावर ठेवली, ४५ ग्रॅम भरली. म्हणाले, परदेशी माल आहे, टंच सांगता येत नाही, सगळं चौदा कॅरेट धरून देतो. दीर म्हणतात थांबा, इंटरनेटवर असल्या एका नाण्याला साडेचार लाख मागतायत. ह्यांना वाटतं, सरकारी नाणी आहेत, वकिलातीत नेली तर तिकडचे डॉलर तरी मिळतील. मुलगा म्हणतो, विकू नका, उलट अशी नवीन नाणी घेऊन ठेवू, मर्यादित संख्येत निघतात, भाव वाढतच जातो. सासूबाईंचं एकच, मोडायची नाहीत. नणंद पुण्याला असते, तिच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी एका नाण्याचं लॉकेट करावं असंही मनात येतं. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही. काय करावं? – एक वाचक, मुलुंड"

उत्तर

मुलुंडच्या ताई,

त्या सराफांकडे तूर्त जाऊ नका. ते फसवताहेत असं माझं म्हणणं नाही. परदेशी नाणं समोर आलं की बहुतेक पेढ्यांवर हेच होतं. माल ओळखीचा नसला की व्यापारी आपल्या बाजूला थोडी जागा राखून भाव सांगतो. तुमच्या बाबतीत ती जागा किती मोठी आहे, एवढं मात्र बघा.

ही चारही नाणी जगभरच्या नाण्यांच्या सूचींमध्ये नोंदलेली आहेत आणि प्रत्येकाचं वजन, टंच ठरलेलं आहे. बार्बाडोसचं नाणं ६.२१ ग्रॅमचं. त्यात सोनं फक्त निम्मं, म्हणजे १२ कॅरेट, शुद्ध सोनं ३.१ ग्रॅम. पनामाचं ८.१६ ग्रॅमचं आणि ९०० टंचाचं, म्हणजे हजारात ९०० भाग सोनं, शुद्ध सोनं ७.३४ ग्रॅम. मॉस्कोचं १७.२८ ग्रॅमचं, तेही ९०० टंचाचं, शुद्ध सोनं १५.५५ ग्रॅम, म्हणजे अर्धा ट्रॉय औंस.

कॅनडाच्या नाण्यात मेख आहे. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकसाठी कॅनडाने १०० डॉलरची दोन नाणी काढली. एक १४ कॅरेटचं, १३.३४ ग्रॅम वजनाचं, व्यास २७ मिलिमीटर. दुसरं २२ कॅरेटचं, १६.९७ ग्रॅमचं, व्यास २५ मिलिमीटर. आकाराने लहान आहे ते वजनाला जास्त आणि त्यात सोनं दुप्पट. हातात घेतल्यावर मोठं नाणंच जास्त किमतीचं वाटतं आणि माणूस फसतो. तुमच्याकडचं कुठलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सराफांच्या काट्याने ते सांगून टाकलंय. ६.२१, ८.१६, १७.२८ आणि १३.३४ यांची बेरीज होते ४४.९९. दुसरं नाणं असतं तर काटा साडेअठ्ठेचाळीसच्या पुढे गेला असता. तेव्हा तुमचं १४ कॅरेटचं, त्यात शुद्ध सोनं ७.७८ ग्रॅम. शिवाय चारही वजनं मिळून काट्याशी जुळतात, हा नाणी अस्सल असण्याचा पहिला पुरावाही झाला. शेवटचा नव्हे, पण पहिला.

आता हिशेब. चार नाण्यांत मिळून शुद्ध सोनं भरतं ३३.७८ ग्रॅम. सराफांनी ४५ ग्रॅमला सरसकट चौदा कॅरेट लावलं, म्हणजे सव्वासव्वीस ग्रॅम. साडेसात ग्रॅम शुद्ध सोनं त्या एका वाक्यात गेलं. आकडेमोड सोपी जावी म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू (तुम्ही त्या दिवशीचा खरा भाव घाला). फरक ७५,००० रुपयांचा. त्यावर मोडीचा भाव आणि घट कापतील, ती वेगळीच. बार्बाडोसच्या नाण्यात सराफांना थोडा तोटा होतोय आणि कॅनडाचं बरोबर चौदाच आहे. सगळा मलिदा रूबल आणि बाल्बोआत आहे, कारण ती दोन्ही जवळपास पावणेबावीस कॅरेटची आहेत.

म्हणून पहिली गोष्ट ही की चार नाणी एकत्र काट्यावर पुन्हा ठेवू देऊ नका. एकेक नाणं, एकेक वजन, एकेक टंच, आणि ते सगळं कागदावर.

तुमच्या यजमानांचा मुद्दा असा की सरकारी नाणं आहे, तर सरकारने पैसे द्यायला हवेत. मुद्दा चुकीचा नाही, पण द्यायचे किती? पनामाचा बाल्बोआ १९०४ पासून अमेरिकन डॉलरच्या बरोबरीने चालतो. म्हणजे १०० बाल्बोआचे १०० अमेरिकन डॉलर, रुपयांत आठ-नऊ हजारांच्या घरात. त्याच नाण्यातलं सोनं आपल्या हिशेबाने ७३,००० रुपयांचं. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, तेव्हा १०० चे ५०. रूबलबद्दल तर बोलायलाच नको. ते काढणारा देश, सोव्हिएत संघ, १९९१ साली नकाशावरून गेला आणि रशियाने १९९८ मध्ये जुन्या हजार रूबलचा एक नवा रूबल केला. शिवाय वकिलात म्हणजे बँक नव्हे. दारावरचा शिपाईच परत पाठवील. नाण्यावर छापलेला आकडा खऱ्या सोन्यापेक्षा एवढा लहान का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या दिरांच्या आणि मुलाच्या मताचं उत्तर त्यातच आहे.

ही नाणी बाजारात चालवायला काढलेलीच नव्हती. बार्बाडोसच्या बाजारात कुणी १९७५ साली हे नाणं देऊन मासळी घेतली नाही. झालं काय, की अमेरिकेत १९३३ पासून सामान्य माणसाला गुंतवणूक म्हणून सोनं बाळगायला बंदी होती. जुनी, संग्रहाची नाणी तेवढी चालत. ही बंदी १९७४ च्या शेवटच्या दिवशी उठली. चाळीस वर्षं सोन्यापासून लांब ठेवलेलं एवढं मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत मोकळं झालं. पेनसिल्व्हेनियातली फ्रँकलिन मिंट ही खासगी टाकसाळ तयारच होती. ती छोट्या देशांच्या सरकारांशी करार करायची. नक्षी, ठसे, डबी, जाहिरात, टपालाने विक्री, सगळं टाकसाळीकडे. सरकारने आपल्या देशाचं नाव द्यायचं, कायद्याने नाण्याला दर्शनी किंमत ठरवून द्यायची आणि ठरलेला वाटा घ्यायचा. बार्बाडोस, बेलीझ, जमैका, पनामा, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, कुक बेटं अशी यादी लांबत जाते. तुमच्या डबीतल्या दोन नाण्यांवर १९७५ हेच साल आहे, ते बघा. बार्बाडोसच्या नाण्याला निमित्त होतं इंग्रजांचं पहिलं जहाज तिथे पोहोचल्याला ३५० वर्षं झाल्याचं, तर पनामाच्या नाण्याला बाल्बोआ या स्पॅनिश दर्यावर्दीच्या जन्माच्या पाचशेव्या वर्षाचं. निमित्तं खरीच आहेत, पण गिऱ्हाईक अमेरिकेत होतं.

यात सरकारांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. बार्बाडोससारख्या अडीच लाखांच्या आसपास वस्तीच्या बेटाने ऊस आणि पर्यटक यांच्या जोडीला आपलं नाव विकून चार पैसे मिळवले, तर बिघडलं काय? आखातातल्या छोट्या अमिरातींनी याहून मोठी कमाल केली. तिथे १९६६ पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता, मग शेजाऱ्यांचे रियाल आले. रोजच्या बाजारासाठी स्वतःचं चलन असं नव्हतंच. तरी १९७० च्या सुमाराला अजमान, फुजैरा, रास अल खैमा यांच्या नावाने सोन्याची नाणी निघत होती, आणि रास अल खैमाच्या काही नाण्यांचा विषय काय, तर इटलीचा फुटबॉल! गल्फला राहून आलेल्या मुंबईकरांच्या कपाटात अशी नाणी कधीमधी निघतात.

मोठे देशही या धंद्यात होतेच. सोव्हिएत संघाला डॉलर आणि जर्मन मार्क हवे होते. मॉस्को ऑलिंपिकच्या निमित्ताने १९७७ ते १९८० या काळात त्यांनी १०० रूबलच्या सोन्याच्या नाण्यांचे सहा प्रकार पाडले. चिन्ह, लेनिन स्टेडियम, नौकानयनाचा कालवा, सायकल शर्यतीचं मैदान, द्रुझबा क्रीडागृह आणि मशाल असे ते सहा. तुमच्याकडे त्यातलं कुठलं आहे ते चित्रावरून लगेच कळेल. कॅनडाला ऑलिंपिकचा खर्च काढायचा होता. काही निघाला असेल, पण मॉन्ट्रिऑलचं स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं, तेव्हा नाण्यांनी फार हात दिला असं म्हणवत नाही.

दर्शनी किंमत सोन्यापेक्षा कमी ठेवण्यात सरकारांचं शहाणपण होतं. ती जास्त ठेवली की काय होतं, हे जपानने दाखवलं. सम्राट हिरोहितो यांच्या राजवटीला ६० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये जपान सरकारने १ लाख येनचं नाणं काढलं. त्यात २० ग्रॅम शुद्ध सोनं. त्या वेळच्या भावाने ते सोनं ४०,००० येनच्या आसपासचं. वरचे ६०,००० येन सरकारच्या तिजोरीत आणि नाण्याला १ लाख येनची सरकारी हमी. हा हिशेब फक्त सरकारलाच जमत होता असं नाही. १९९० मध्ये उघडकीला आलं की युरोपातून जपानमध्ये आलेली अशी एक लाखाहून जास्त नाणी बनावट होती. बनावट, पण सोन्याची! बनवणाऱ्याला सोन्यात भेसळ करायची गरजच नव्हती. चाळीस हजारांचं खरं सोनं घालून लाखाचं नाणं पाडलं की काम झालं. त्याच वर्षी नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाचं १ लाख येनचं नाणं निघालं, त्यात ३० ग्रॅम सोनं होतं. आणि काळाचा फेरा असा की आजच्या भावाने त्या जुन्या २० ग्रॅमचं सोनंच १ लाख येनच्या कितीतरी वर गेलंय. आता ते नाणं बँकेत देऊन लाख येन घेणारा वेडा ठरेल.

आता दीर. त्यांनी इंटरनेटवर पाहिलेले साडेचार लाख ही मागणी आहे, विक्री नाही. मागायला कुणाचं काय जातं? मुंबईत जुन्या वन रूम किचनला लोक काय काय मागतात आणि वर्षानुवर्षं ते तसंच पडून राहतं, हे मुलुंडमध्ये राहून तुम्हाला मी काय सांगणार. बघायचा तो प्रत्यक्ष लिलावात पडलेला भाव. मोठ्या नाणेलिलावांचे निकाल सर्वांना बघता येतात. त्यात मॉस्कोचं नाणं किंवा कॅनडाचं १४ कॅरेटचं नाणं शोधलंत, तर बहुतेक वेळा सोन्याच्या त्या दिवशीच्या भावाच्या आसपासच घुटमळताना दिसेल. कारण साधं आहे. ही नाणी हजारोंनी नव्हे, कॅनडाच्या बाबतीत तर लाखांनी पाडली गेली, आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती डबीसकट जपून ठेवली. जी वस्तू कुणी वापरलीच नाही ती दुर्मिळ होणार कशी?

हो, एक गोष्ट उलट बाजूनेही घडली. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं, तेव्हा अशी बरीच नाणी लोकांनी मोडीत काढली. त्यामुळे किती पाडली हा आकडा आणि किती उरली हा आकडा यांत फरक आहे. काही बेटांच्या, फारच थोड्या संख्येने निघालेल्या नाण्यांना त्यामुळे सोन्याच्या वर भाव मिळतोही. मात्र त्यासाठी ते विशिष्ट नाणं हवं असणारे दोघे तरी समोर लागतात. मुंबईतला नाण्यांचा शौकीन मुघल मोहरा शोधतो, ब्रिटिश इंडियाची, संस्थानांची नाणी शोधतो. बार्बाडोसच्या जहाजासाठी तो जीव टाकत नाही. हे माझं मत आहे, पण कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं की चार टेबलांवर डबी दाखवून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर. घरातल्या सोन्यात घोड्यावर बसून सर्पासुराला मारणाऱ्या वीराची गिनी असेल आणि साल १९१८ असेल, तर ती मोडण्याआधी भिंग घ्या. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर दिसलं, तर ती गिनी लंडनची नाही, आपल्या फोर्टातली आहे. पहिल्या महायुद्धात त्या वर्षी मुंबईच्या टाकसाळीत ब्रिटिश सॉव्हरिन, म्हणजे हीच गिनी, पाडली गेली, तेरा लाखांच्या जवळपास. त्याच वर्षी १५ रुपयांची सोन्याची मोहरही इथेच निघाली, वजन आणि टंच गिनीइतकंच. ही नाणी पाडली ती चलन म्हणून, त्यामुळे ती हातोहाती फिरली, झिजली, वितळली. म्हणूनच त्यांना शौकीन आहे. शंभर वर्षं उलटून गेल्यामुळे १९७२ च्या कायद्याप्रमाणे अशी नाणी पुरावस्तू ठरतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणून बॅगेत टाकू नका. तुमची नाणी अजून पन्नाशीच्या घरातली, ती त्या कायद्यात येत नाहीत.

तपासणीचं आता सांगतो. झवेरी बाजार, काळबादेवी भागात बीआयएसची, म्हणजे हॉलमार्कचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता असलेली तपासणी केंद्रं आहेत. तिथे एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी, नाणं न खरवडता टंच काढून मिळतो, फी किरकोळ असते. कसोटीवर घासून बघतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. हे यंत्र वरचा थरच वाचतं, ही त्याची मर्यादा. म्हणून सोबत वजन आणि व्यास सूचीतल्या आकड्यांशी ताडून बघायचा. आत दुसरा धातू भरला असेल तर बाहेरचा टंच बरोबर येतो, पण वजन किंवा जाडी कुठेतरी चुगली करते. शंका उरलीच तर पाण्यात वजन करून घनता काढतात, तीही करून घ्या. डबी आणि आतला कागद फेकू नका. दाखल्यावर वजन आणि टंच छापलेला असतो, आणि घेणारा शौकीन निघालाच तर तो आधी डबीच मागतो.

आणि कृपा करून नाणी उजळू नका. रिठ्याचं पाणी नको, पितांबरी तर नकोच. यातलं एखादं आरशासारख्या पृष्ठभागाचं असेल, म्हणजे ज्याला प्रूफ म्हणतात तसं, तर बोटाचा ठसासुद्धा त्यावर कायमचा बसतो. कडेने धरा आणि परत ठेवा.

तुमच्या मुलाला मात्र मी थोडं रोखणार आहे. नवीन नाण्यांच्या जाहिराती मीही बघतो. निऊए, कुक बेटं, पलाऊ अशी छोट्या बेटांची नावं, त्यावर सिनेमातले नायक, राशी, वाघ, आणि 'जगातलं सर्वांत छोटं सोन्याचं नाणं' म्हणून अर्ध्या ग्रॅमचा शर्टाच्या बटणाएवढा तुकडा. अर्धा ग्रॅम म्हणजे आपल्या हिशेबाने ५,००० रुपयांचं सोनं. ते किती रुपयांना विकतायत ते त्याने बघावं आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: हेच नाणं मी उद्या सकाळी परत आणलं तर तुम्ही किती देणार? उत्तर ऐकल्यावर त्याचा उत्साह किती उरतो ते मला कळवा. फक्त ५,००० नगच काढणार, असं छापलेलं असतं, पण तोच कारखाना पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाच्या नावाने दुसरे ५,००० काढतो. परदेशातून कुरिअरने मागवायचं तर कस्टमचं झेंगट वेगळं. इथे घ्यायचं तर ३ टक्के जीएसटी, जो विकताना परत येत नाही. चित्र आवडलं, छंद आहे, म्हणून घेतलं तर जरूर घ्यावं. छंदाला हिशेब विचारू नये. गुंतवणूक म्हणून सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे सोन्याचे फंड, आहेत. हातात नाणंच हवं तर अशोकचक्राचं, हॉलमार्क असलेलं भारतीय सोन्याचं नाणं आहे. त्यात निदान सोन्याशिवाय दुसऱ्या कशाचे फार पैसे मोजावे लागत नाहीत.

आता पत्रात तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेली गोष्ट. मला वाटतं ती सगळ्यात महत्त्वाची आहे. मृत्युपत्र नाही. मग ही नाणी मोडायची की नाही, हे ठरवायचा अधिकार सराफांचा, दिरांचा किंवा तुमच्या यजमानांचा एकट्याचा नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी असे चार समान वाटे होतात (सासऱ्यांची आई हयात नाही, असं मी धरून चाललोय). नणंदबाई पुण्याला असल्या आणि काही बोलल्या नसल्या तरी पाव हिस्सा त्यांचा आहे. "तिच्या मुलीला लॉकेट करून द्यावं" असं तुम्ही प्रेमाने लिहिलंत, पण ते देणं नव्हे, तिचंच तिला देणं झालं. फोन करून आधी त्यांना सांगा की अशी नाणी निघाली आहेत. नंतर कुणाकडून तरी कळलं तर चार नाण्यांपायी भाऊबीज बंद पडायची. त्या नको म्हणाल्या, तर तेही लेखी असू द्या.

वाटणी करायची तर नाण्यांच्या आकारावर किंवा छापलेल्या आकड्यावर करू नका, शुद्ध सोन्यावर करा. ३३.७८ ग्रॅमचे चार वाटे, प्रत्येकी जवळजवळ ८.४५ ग्रॅम. योगायोग असा की तुमची नाणी यात चांगली बसतात. एकाला कॅनडाचं, एकाला पनामाचं, मॉस्कोचं दोघांत मिळून. आणि बार्बाडोसचं तेवढं विकून त्या पैशांतून सगळ्यांची उणीव भरून काढायची. त्यात ३.१ ग्रॅम आहे. कॅनडावाल्याला ०.६७ ग्रॅमचे पैसे, पनामावाल्याला १.१ चे, मॉस्कोवाल्या दोघांना मिळून १.३४ चे. ग्रॅमच्या शंभराव्या भागाची मागेपुढे सोडली तर हिशेब पूर्ण. मॉस्कोचं नाणं सासूबाई आणि तुमचे यजमान यांच्या नावाने राहिलं, तर सासूबाईंची 'मोडायची नाहीत' ही इच्छा चारपैकी तीन नाण्यांपुरती पाळली जाते. विकायचं ते सर्वांत हलक्या टंचाचं आणि ज्याला इथे गिऱ्हाईक नाही असंच आहे. सासूबाईंना त्यातही नको असेल, तर तेवढ्या ३.१ ग्रॅमचे पैसे तुम्ही घरातल्या घरात उभे करा आणि चौथंही राहू द्या. एवढ्यासाठी त्यांचं मन मोडू नये.

विकाल ते पावती घेऊन, पैसे खात्यात घेऊन विका. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. वारशाने मिळालं यावर कर नाही, विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर आहे. सासऱ्यांनी बाळगलेला काळही धरला जातो, त्यामुळे तो नफा दीर्घ मुदतीचा ठरतो, दर १२.५ टक्के. नाणी २००१ च्या आधीची असल्याने १ एप्रिल २००१ चा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. तुमच्या सीएंना एवढं सांगितलंत की पुढचं ते बघतील.

राहिलं लॉकेट. पनामाचं नाणं नणंदबाईंच्या वाट्याला लावा. आठ ग्रॅमचं, पावणेबावीस कॅरेटचं, गळ्यात शोभेल असं आहे. सोनाराला फक्त कडी झाळू देऊ नका. नाण्याला झाळ लागली की ते कायमचं डागतं आणि पुढे कधी विकायचं झालं तर निव्वळ मोडीत जातं. सभोवती कोंदण करायला सांगा, नाणं आत बसवून कडा दाबून घेतात किंवा बारीक नखं काढतात. कडी कोंदणाला. उद्या मुलीला वाटलं तर नाणं जसंच्या तसं बाहेर निघतं. कोंदण २२ कॅरेटचंच करा म्हणजे रंग जुळेल. आणि मार्गशीर्षातलं लग्न असेल तर सोनाराकडे दिवाळीच्या आधी जा, दिवाळीनंतर त्यांना मान वर करायला वेळ नसतो.